वाडग्यातला शेवटचा घोट

शिगेहारुंच्या खानावळीच्या स्वयंपाकघरात सार चाखायची रीत एकच होती, आणि अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच ती सायोकोच्या डोक्यात घट्ट बसवली होती. बशीतल्या एका घोटाला जे सार झक्क लागतं, ते चुकलेलं सार. गिऱ्हाईक काही एका घोटावर थांबत नाही, लाखेचा वाडगा दोन्ही हातांनी उचलून तळापर्यंत पितं. म्हणून पहिला घोट जरा फिका हवा आणि वाडगा खाली ठेवताना चव नेमकी जमलेली हवी. नवे स्वयंपाकी हमखास इथेच आपटायचे. बशीतून चाखून खूश व्हायचे आणि मालकांची बोलणी खायचे.

आता मालकच आपटत होते, आणि ते त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्यांदा बोलल्या त्या भांडी धुणाऱ्या ताकीमावशी. "सायोको, तुझ्या सारात बिघडलंय काय गं? हल्ली वाडग्या-वाडग्यात घोटभर उरतंय."

"काहीतरीच तुमचं!"

"काहीतरीच कसं? बत्तीस वर्षं वाडगे धुतेय. कोण काय खाऊन गेलं ते तुम्हाला ठाऊक, काय टाकून गेलं ते मला विचार."

सायोकोने जाऊन पाहिलं. बांबूचे कोवळे कोंब संपलेले, समुद्री शेवाळ संपलेलं, आणि तळाशी सार तसंच. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. रोज संध्याकाळी ती सार करायची, मालक येऊन चाखायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि चिमूटभर मीठ टाकायचे. वसंत लागल्यापासून एका चिमटीच्या तीन झाल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची जीभ थकली होती, एवढीच गोष्ट.

आधी तिने पळवाट काढली. स्वतःच मीठ कमी घालायला लागली, म्हणजे मालकांची भर पडली की मेळ बसेल. चार दिवस बसलाही. पाचव्या दिवशी मालक आणखी दोन चिमट्या पुढे गेले. त्याच संध्याकाळी चहाविधी शिकवणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी सार पिऊन झाल्यावर हसतमुखाने विचारलं, "जरा नुसतं गरम पाणी मिळेल का?" कानाझावा शहरात स्वयंपाकाला याहून मोठी शिवी नाही. मालकीणबाई कियो पाणी देऊन आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

सायोकोला स्वतःचीच लाज वाटली. ज्याने तिला चव शिकवली, त्याच्याच डोळ्यांत ती धूळ फेकत होती. आता तोंड उघडायचंच, नोकरी गेली तर गेली. दोन वर्षांपूर्वी मालकांच्या चवीला नाव ठेवणाऱ्या स्वयंपाक्याला त्याच दुपारी आपले सुरे कापडात गुंडाळून कायमचं घरी जावं लागलं होतं, हे ती विसरली नव्हती. तरी तिचा निश्चय हलला नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने बैठकीच्या खोलीत दोन वाडगे मांडले आणि मालक-मालकिणीला बोलावलं.

"हे काय? आम्ही गिऱ्हाईक कधीपासून झालो?" शिगेहारु म्हणाले.

"आजच्यापुरते व्हा, मालक. बसा."

त्यांनी झाकण काढलं, एक घोट घेतला आणि वाडगा खाली ठेवला. "फिकं. मीठ आण."

"नाही आणणार."

वाडग्याकडे निघालेला कियोंचा हात वाटेतच थांबला.

"काय म्हणालीस?"

"पहिल्या घोटाला निकाल द्यायचा नाही, हे तुमचंच शिकवणं. तळापर्यंत प्या. मग हाकलायचं तर हाकला, सुरे गुंडाळूनच आलेय मी."

"जीभ फार चालायला लागली तुझी!"

"अकरा वर्षं तुमच्या हाताखाली काढलीत. चालणारच."

कडू काढा घ्यावा तसं त्यांनी हट्टाने सगळं सार संपवलं.

"शेवटपर्यंत फिकं," ते विजयाने म्हणाले. "नुसतं पाणी! कियो, तूच सांग हिला."

कियोंनी आपला वाडगा नवऱ्यापुढे सरकवला. त्यात थेंबही उरला नव्हता. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, आणि न आवडलेलं सार त्यांनी कुणाच्या भिडेखातरही कधी संपवलं नव्हतं.

"दोन्ही एकाच पातेल्यातलं?" शिगेहारुंनी विचारलं.

"एकाच."

"कधीपासून चाललंय हे?"

"वसंत लागल्यापासून."

"आणि तू आज सांगतेस?" त्यांचा आवाज फाटला. "इतके दिवस माझ्या घरातलं सार लोकांना टाकायला लावलंस?"

"चुकलं माझं."

"चुकलंच!" ते उठले आणि तरातरा आत निघून गेले. तिला जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. तिने आपण होऊनच गुंडाळलेले सुरे सोडले आणि ती कामाला लागली.

संध्याकाळी पहिली मंडळी येऊन बसली. सायोकोचं सार तयार होतं. शिगेहारु चुलीपाशी आले, हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि वाफेकडे बघत राहिले.

"जमलंय?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं हा प्रश्न तिने त्यांना विचारला होता.

"जमलंय, मालक."

"मग वाढा," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.