काचेमागची घंटा

मी एक जुनी काशाची घंटा आहे. शाळेतली नव्हे, देवळातली तर मुळीच नव्हे. मी मेंढ्याच्या गळ्यातली. सध्या मात्र सांगलीतल्या एका फ्लॅटमध्ये, काचेच्या कपाटात, चिनी मातीच्या दोन सशांच्या मधे माझा मुक्काम आहे. मुक्काम कसला, कैदच म्हणा!

मित्रांनो, मला एका ओताऱ्याने घडवले. खरसुंडीच्या जत्रेत धुळा नावाच्या मेंढपाळाच्या वडिलांनी कितीतरी घंटा वाजवून पाहिल्या आणि मला उचलले. पुढे मी धुळाच्या कळपात आले. दर वर्षी दिवाळी झाली की आटपाडीच्या माळावरून आम्ही निघायचो. उंब्रज, पाटण, कोयनानगर करत घाट उतरून कोकणात. राज्या नावाचा मेंढा पुढे, त्याच्या गळ्यात मी, आणि मागे सगळा कळप. दाट धुक्यातही धुळा नुसत्या आवाजावरून सांगायचा, "राज्या वरच्या अंगाला हाय." तेव्हा मला केवढे मिरवावेसे वाटायचे!

एकच गोष्ट खुपायची. कृष्णाकाठचा ऊस आला की धुळाची बायको सुलाबाई माझ्या पोटात लोकरीचा बोळा कोंबायला लावायची. घंटा ऐकली की मळेवाले काठ्या घेऊन धावतात, हा तिचा अनुभव. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तशी माझी गत व्हायची.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धुळाचा मुलगा मल्हार, सून माया आणि लहानगी नात रेश्मा सांगलीहून आली. उंब्रजपासून दिवसभर कळपाबरोबर चालायचे आणि संध्याकाळी एसटीने परतायचे, असा बेत होता. रेश्मा राज्याचा पट्टा सोडेचना. दुपारी उसाचे फड लागले.

"आवं, ऊस आला. घंटा बंद करा," सुलाबाई म्हणाली. बोळा बसला.

मोठी माणसे मागच्या कोकरांना ओढ्यातून काढत होती. तेवढ्यात राज्याला कोवळे पान दिसले आणि तो फडात घुसला. पट्टा धरलेली रेश्माही त्याच्यामागे ओढली गेली.

उसात थोडे आत गेले की आभाळसुद्धा दिसत नाही. राज्याची शिंगे आडव्या पडलेल्या उसात अडकली. रेश्माला परतायची वाट कळेना. बाहेरून हाका येत होत्या, पण त्या चारी बाजूंनी येताहेत असे वाटत होते. भीतीने तिच्या तोंडून शब्द फुटेना. राज्या धडपडत होता, मी गदागदा हलत होते आणि वाजत मात्र नव्हते. तशात धुराचा वास आला. पलीकडच्या फडातले पाचट कोणीतरी पेटवले होते.

रेश्मा राज्याच्या मानेला बिलगली. तिचा हात माझ्यावर पडला. "तू का गं वाजत नाहीस?" ती पुटपुटली. मग तिने माझ्या पोटात बोट घातले आणि बोळा ओढून काढला.

मी वाजले! जन्मात वाजले नव्हते इतकी वाजले.

"ही आपलीच घंटा! मल्हारा, डाव्या अंगानं घुस रं!" धुळा ओरडला. पाचट पेटवणारे मळेवाले उदयसिंहही हिरवे डहाळे घेऊन आग झोडपायला धावले. थोड्या वेळाने रेश्मा आजोबांच्या खांद्यावरून बाहेर आली. मागून राज्या.

उदयसिंहांनी रेश्माच्या मुठीतला तो बोळा पाहिला. "म्हाताऱ्या, घंटेचं तोंड का बांधलं हुतं रं?"

"तुमच्याच भ्यानं, दादा," धुळा म्हणाला.

उदयसिंहांची मान खाली गेली. "हितनं म्होरं वाजवत जावा," ते हळूच म्हणाले.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर धुळाने मला रेश्माच्या हाती दिले. "हिनंच तुला हुडकून दिलं. तुझ्यापाशी ठेव." त्याचे डोळे भरले होते. घरी मायाने मला चिंच लावून लख्ख केले आणि काचेमागे ठेवले. पाहुणे म्हणतात, "काय सुंदर अँटिक पीस!" मी हलत नाही, म्हणून वाजत नाही. त्यापेक्षा बोळा परवडला, तो ऊस संपल्यावर तरी निघायचा.

दिवाळी पुन्हा जवळ आली आहे. राज्या यंदा माझ्याशिवाय निघेल. उदयसिंहांनी वाजवायला सांगितले, पण वाजणार कोण? एखादे पोर पुन्हा फडात शिरले, तर धुळाने कशाच्या मागे धावायचे? या विचाराने माझा जीव तुटतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण जपता जपता त्यांचे काम काढून घेऊ नका. काल रेश्माने कपाटापाशी स्टूल ओढले. तरी तिचा हात वरच्या कप्प्यापर्यंत पोचला नाही. कपाटाला कुलूप नाही. तुमच्यातले कोणी उंच असेल, तर दिवाळीआधी सांगलीला येऊन जा.