दादाच्या उंचीचा माळा

आमच्या घरात फळीवरचा डबा काढायचा म्हटलं की स्टूल लागतं. मी, आमचे हे आणि आमची लेक, तिघंही ठेंगणे. यांना मी मूर्ती लहान, कीर्ती महान म्हणते, आणि हे त्याला कौतुकच समजतात. माणूस तसा गरीब आहे.

माझा थोरला भाऊ मात्र ताडमाड. आई-वडील एका वर्षात गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि दादा एकोणीसचा. त्यानं कॉलेज सोडून बसचं स्टिअरिंग धरलं, माझ्या वेण्या घातल्या, मला शिकवलं, माझं लग्न लावलं. स्वतःचं राहूनच गेलं. आता तो निवृत्त झाला होता आणि ज्या भाड्याच्या खोलीत तीस वर्षं काढली, ती मालकानं विकायला काढली होती. सहा महिन्यांत जागा सोडायची होती.

आमच्याकडे ये म्हटलं की दादा यायचा, पण दोन दिवस. सोफ्यावर झोपायचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, त्यानं आमच्याकडे कायम पाय मुडपलेच. तिसऱ्या दिवशी सकाळचा चहा घेतला की चालला. कायमचा ये म्हटलं तर एकच उत्तर, तुझ्या संसारात माझी अडगळ कशाला. हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ज्यानं मला वाढवलं, तो माझ्या घरात अडगळ? पण भांडून तो ऐकणार नव्हता. म्हणून आम्ही ठरवलं, त्याला काही सांगायचं नाही, आधी माळ्यावर खोली करायची.

माळा म्हणजे कौलांखालची मोकळी जागा. मोडक्या खुर्च्या आणि लेकीचा पाळणा तिथं पडून होता. आमचे हे चष्म्याच्या दुकानात कामाला, त्यामुळे प्रत्येक गोष्ट बारीक बघायची सवय. यांनी आठ दिवस माहिती काढली आणि जेवताना आमची शिकवणी घेतली. एक प्रकार सोपा. छप्पर आहे तसंच ठेवायचं, उतारात खिडक्या बसवायच्या, आत फळ्या मारायच्या. महिन्याभरात काम संपतं. दुसरा प्रकार म्हणजे मागचा उतार काढून तिथं उभी भिंत आणि सपाट छत घ्यायचं. खर्च जास्त, परवानगी लागते, शेजाऱ्यांची सही लागते. तिसरा, अख्खं छप्परच उचलायचं. तो ऐकूनच मी पाणी प्यायले.

मग आम्ही तिघं वर गेलो. हे आढ्याखाली उभे राहिले, हात वर केला, तरी बोटं आढ्याला टेकेनात. लेक बाजूला सरकली, तिलाही जागा. मी तर इकडून तिकडे चक्क फेऱ्या मारल्या. हवेशीर, ऐसपैस. पहिलाच प्रकार पक्का. शिवाय मागच्या उतारातल्या खिडकीखाली यांचं जुने रेडिओ दुरुस्त करायचं टेबल मावणार होतं. काम करता करता आभाळ दिसेल म्हणून स्वारी खूश होती.

सुतारकाका आले, आणि त्यांनी मोजपट्टी काढायच्या आधी विचारलं की राहणार कोण. माझा भाऊ, म्हटलं. त्याला बोलवा, म्हणाले. त्यांची ती पद्धतच होती, राहणाऱ्या माणसाला जागेत उभं केल्याशिवाय करवत उचलायची नाही. त्याला कळता कामा नये, हे मी समजावलं. मग उंची विचारली. पन्नाशीला आले, पण दादाची उंची मला आकड्यात ठाऊक नव्हती. एवढंच ठाऊक होतं की जवळ उभी राहिले की माझं नाक त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाला लागतं.

काका हसले नाहीत. माझ्या नाकापासून हिशेब धरून त्यांनी सहा फूट दोन इंचांची एक पट्टी कापली. पट्टीच्या बुडाशी एक लाकडाचा तुकडा जोडला, कारण नवी जमीन आणि छताखालच्या फळ्या मिळून वीतभर उंची खाणार होत्या. पट्टी यांच्या हातात दिली आणि म्हणाले, आता तुम्ही मेव्हणे. उठा, कपडे घाला, खिडकीशी जा.

हे पट्टी उभी धरून निघाले. पहिल्या पावलाला ठीक, दुसऱ्याला खट्. खाट येणार होती तिकडे वळले, खट्. खिडकीच्या जागी तर पट्टी पार आडवी करावी लागली. आढ्याखाली जेमतेम दोन फुटांचा पट्टा उरला. आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात, ते आम्ही अक्षरशः केलं होतं.

मला आधी हसू आलं आणि मग रडूच फुटलं. बसच्या दारात वाकलेला दादा, त्या खोलीच्या मोरीत वाकलेला दादा, माझी वेणी घालायला गुडघ्यांवर बसलेला दादा. आणि आता मी, त्याची बहीण, त्याला म्हातारपणी वाकायला वर नेऊन ठेवणार होते.

हे पट्टी भिंतीला टेकवून माझ्याजवळ आले.

"दुसरा प्रकार करू. मागचा उतार काढू."

"आणि तुमचं टेबल? तुमची खिडकी?"

"जिन्याखाली बसेन. मी कुठेही मावतो गं. दादा मावत नाहीत."

पंचवीस वर्षांच्या संसारात या माणसाला मी नाही नाही ते बोलले असेन. त्या क्षणी मात्र मनातून हात जोडले. पदरात सोनं पडलेलं असतं आणि आपण त्याला वजनावरून चिडवत बसतो.

परवानगीला वेळ लागला, शेजारच्या काकूंनी सहीसाठी चार वेळा चहा पाजून परत पाठवलं, पण पाचव्या महिन्याच्या अखेरीस खोली उभी राहिली. दादाला नेहमीसारखं दोन दिवसांसाठी बोलावलं. खांद्यावर छोटी पिशवी घेऊन तो जिना चढला, सवयीनं दारात वाकला आणि तसाच वाकून खिडकीपर्यंत चालत गेला.

"दादा, सरळ हो," मी म्हटलं.

तो हळूहळू उभा राहिला. एक हात डोक्याच्या वर धरून. हाताला काही लागलं नाही. त्यानं छताकडे पाहिलं, मग खाली आमच्याकडे.

"पाहुण्यांसाठी काढली का खोली?"

"या घरात एवढं उंच छत कुणाला लागतं, तूच बघ."

दादानं यांच्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिघंही त्याच्या छातीपर्यंत. मग तो खाटेवर बसला आणि बराच वेळ तळहातांनी तोंड पुसत राहिला.

"अहो," शेवटी तो यांना म्हणाला, "माझ्या सामानाला एक टेम्पो पुरेल. उद्या मिळेल का?"