रोवेना घरी आली

रोवेना हॅस्केलला ओहायोतल्या कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा तिच्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. इंग्रजांच्या वसाहती होत्या त्या काळातली अमेरिका हा तिचा विषय. त्याच्या जागा देशभरात मोजक्याच निघत आणि एकेका जागेवर शंभरजण तुटून पडत. तिच्या नवऱ्याचं, आल्डनचं, सगळं बॉस्टनजवळच्या ग्लॉस्टरमध्ये होतं. वडिलांपासून चालत आलेला होड्या दुरुस्तीचा कारखाना, हाताखालची दोन माणसं, समोर समुद्र. ओहायोत मक्याच्या शेतात होड्या थोड्याच चालतात, असं तोच हसत म्हणाला आणि त्यानेच तिच्या ट्रंका बसवर चढवून दिल्या. दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे, मग बॉस्टनच्या आसपास काहीतरी मिळेलच, असं दोघांनी धरून ठेवलं होतं.

मिळालं नाही. बॉस्टनकडे तिला तीनदा मुलाखतीला बोलावलं आणि तिन्ही वेळा जागा दुसऱ्याच कुणाला गेली. तिकडे ओहायोत मात्र ती कायम झाली, पुढे विभागप्रमुखही झाली. उन्हाळा आणि नाताळ तेवढे घरचे. मुलाचं बघू, पुढच्या वर्षी बघू, म्हणता म्हणता तेही राहून गेलं.

तिचं नाव झालं ते मॅसॅच्युसेट्सच्या बंदरांतल्या जुन्या कोळ्यांच्या बायकांवरच्या पुस्तकामुळे. नवरे महिनोन्‌महिने कॉड मासळीमागे समुद्रावर असताना या बायकांनी घरं कशी चालवली, ते तिने लिहिलं होतं. पुस्तकाला मोठं पारितोषिक मिळालं. आल्डन आपला एकुलता एक सूट घालून समारंभाला आला. कुणीतरी त्याला थट्टेने विचारलं, बायकोचं पुस्तक वाचलंत तरी का?

"दोनदा वाचलं," आल्डन म्हणाला. "त्या बायका मला फार ओळखीच्या वाटल्या."

सगळे हसले. रोवेनाही हसली.

ती निवृत्त होऊन आली त्या जूनमध्ये आल्डनने तिच्या पुस्तकांसाठी अख्ख्या भिंतभर फळ्या ठोकून ठेवल्या होत्या. चांगल्या ओक लाकडाच्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. तिला भरून आलं. आता कुठेही जायचं नाही, असं ती दिवसातून दहा वेळा म्हणायची.

पण घरात काहीतरी जमेना. आल्डन संध्याकाळी साडेचारलाच जेवायचा, तेही सिंकपाशी उभ्याने. ती टेबल मांडून बसली की तो समोर यायचा, चार घास गिळायचा आणि कारखान्यात काहीतरी राहिलंय म्हणून उठायचा. ती सकाळी बोलायला लागली की त्याचा चेहरा, परक्या देशात वाट चुकलेल्या माणसाचा व्हावा, तसा व्हायचा. ऑगस्टमध्ये तो कारखान्यातल्या खाटेवरच झोपायला लागला. पाठ दुखते, तिथली गादी कडक आहे, असं त्याचं म्हणणं.

रोवेनाच्या मनात नको ते आलं. तिने नणंदेला, मर्टलला, सरळच विचारलं, की दुसरी कुणी आहे का. मर्टलने कॉफी ढवळली.

"असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "बाईला घालवता येतं."

पुढे काही बोलायला ती तयार होईना. भावाशीच बोल, एवढंच म्हणाली.

रविवारी दुपारी रोवेना कारखान्यात गेली. आल्डन एका होडीच्या तळाला रंग देत होता.

"माझं काही चुकतंय का रे?"

त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"तुझं काही नाही. माझ्याच अंगवळणी पडत नाहीये."

"पडेल की. आत्ताशी तर आलेय मी."

"मलाही तसंच वाटलं होतं." तो होडीला टेकून उभा राहिला. "पहिली काही वर्षं तू गेलीस की मला जेवण जायचं नाही. तुझी उशी कपाटात ठेवायचो, दिसू नये म्हणून. मग शिकलो गं एकट्याने राहायला. फार कष्टाने शिकलो. ते आता पुसता येत नाहीये. तू खोलीत आलीस की माझा जीव कोंडतो. आणि मग माझी मलाच लाज वाटते."

"तेव्हाच सांगायचंस. मी सगळं सोडून आले असते."

"म्हणून तर नाही सांगितलं."

भांडण झालं नाही. झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ती घरी आली आणि गॅसपाशी उभी राहून, कुणाला ऐकू जायची भीती नसल्यासारखी, मोठ्याने रडली.

ऑक्टोबरात तिने जवळच्याच रॉकपोर्ट गावात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामान आल्डननेच आपल्या ट्रकमधून आणलं. सत्तरीचा माणूस, पण पुस्तकांचं एक खोकं तिला उचलू दिलं नाही. त्याने खिडक्यांच्या फटी बुजवल्या, गळका नळ दुरुस्त केला, हीटर तपासला. मग करायला काही उरलं नाही, तेव्हा दाराशी टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"काही लागलं तर फोन कर."

ती हो म्हणाली.

खिडकीतून तिला तो ट्रकमध्ये बसलेला दिसत होता. तो ट्रक सुरू करत नव्हता. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि मान खाली होती. खाली जावं, काचेवर टकटक करावं, असं तिला फार वाटलं. पण आपण गेलो तर तो नको म्हणणार नाही, मुकाट्याने घरी घेऊन जाईल, आणि पुन्हा सिंकपाशी उभा राहून जेवेल, हे तिला ठाऊक होतं. ती गेली नाही. बऱ्याच वेळाने ट्रक निघाला आणि वळणावरून दिसेनासा झाला.

चादरी कुठल्या खोक्यात आहेत ते तिला आठवेना. दोन-तीन उघडून पाहिली, सगळ्यांत पुस्तकंच निघाली. मग ती तशीच, कोट न काढता, उघड्या गादीवर आडवी झाली.