काजलच्या नावाचा मनोरा

मित्रांनो, ठोकळ्यांनी भरलेली मी एक जुनी लाकडी पेटी आहे. आपली कहाणी सांगायला बसले खरी, पण लाजेने मान वर होत नाही.

नंदुरबारच्या शौकत मिस्त्रींनी उरल्यासुरल्या सागवानातून मला आणि माझ्या ठोकळ्यांना घडवलं. हेमकांत गुरुजींनी मला कोरीट गावाच्या पलीकडच्या, त्यांच्या छोट्या शाळेत आणलं. तिथे आमचा खेळ फार रंगायचा. मध्ये पडदा, एका बाजूला सांगणारा, दुसऱ्या बाजूला मांडणारा. सांगणाऱ्याने आपल्या मनातली इमारत नुसत्या शब्दांनी पलीकडे उभी करायची. वर्गातली काजल सांगू लागली की पलीकडे बसलेल्या योगेंद्रचे हात भराभर चालायचे.

"लाल खाले ठेव, त्यानावर हिरवा आडवा ठेवी दे."

मला तिचा केवढा अभिमान वाटायचा!

मग पाहुणे शाळा बघायला येणार असं ठरलं. गुरुजी स्वतः घरी आईशी या मुलांसारखं अहिराणीतच बोलतात, पण पाहुण्यांपुढे त्यांना त्या बोलीची लाज वाटली. त्या दिवशी फक्त पुस्तकातली मराठी बोलायची, असं त्यांनी मुलांना बजावलं.

पाहुण्यांसमोर काजल "लाल खाले" एवढंच म्हणाली आणि गुरुजींनी डोळे वटारले. तिच्या तोंडाला कुलूपच लागलं. पलीकडे योगेंद्र रिकाम्या हातांनी बसून राहिला. शेवटी चहाच्या गडबडीत गुरुजींनी पडद्याआड जाऊन स्वतःच मनोरा रचला. पडदा सरकला, टाळ्या पडल्या. काजलच्या नावाची चिठ्ठी लावून तो मनोरा माझ्याच झाकणावर मांडला गेला. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काजलने तर त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर ती खेळायला येईना, वर्गातही बोलेना. गुरुजी त्या मनोऱ्याजवळून जाताना नजर चोरायचे. एके दिवशी मात्र ते सगळ्या मुलांदेखत पडद्याआड मांडी घालून बसले.

"काजल, मन्ही चूक व्हयनी. आते तू सांग, मी ठेवसू."

काजलने माझ्या झाकणाकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाली, "पहिले तो मनोरा मोडा. तो मन्हा नही शे."

गुरुजींचे कान लाल झाले. त्यांनी उठून एकेक ठोकळा उतरवला, झाकण उघडून सगळे माझ्यात ठेवले, चिठ्ठी खिशात घातली आणि ते पुन्हा पडद्याआड बसले.

मित्रांनो, माझे ठोकळे खुशाल आपटा, त्यांचे कोपरे झिजले तरी चालतील. पण कुणी आपल्या बोलीत सांगू लागलं, तर त्याच्यावर डोळे वटारू नका.

काजल पडद्याजवळ सरकली.

"लाल खाले ठेवा," ती गुरुजींना म्हणाली.