काकासाहेबांनी धुतलेला तंदूर

मी तंदूर बोलतोय. काकासाहेबांच्या कानावर जात असेल तर उत्तमच, त्यांच्यासाठीच बोलतोय.

माझा जन्म कोल्हारचा, माती प्रवरेकाठची. पण अंगात थोडा अफगाणिस्तानही आहे. जसबीर आणि तिचा नवरा हरनाम जलालाबादहून जीव वाचवून निघाले, तेव्हा तिने आईच्या मोडक्या तंदूरच्या खापऱ्या फडक्यात बांधून आणल्या होत्या. जुन्या खापऱ्यांची पूड नव्या मातीत मळायची, ही त्यांच्याकडची रीत. ती पूड, भुसा आणि बकरीचे केस घालून तिने मला तुडवलं, उभं केलं आणि दहा दिवस मंद विस्तवावर भाजलं.

गावात म्हणायचे, ही माणसं हात हलवत आली. मग रस्त्याकडेला त्यांनी काढलेल्या ढाब्याचे पत्रे, टेबलं, फ्रीज कुठून आले? जसबीरच्या बांगड्यांतून. परदेशी निर्वासितांच्या नावावर परवाना मिळेना, म्हणून जागामालक काकासाहेबांनी आपलं नाव दिलं. तेव्हा किती गोड बोलायचे. तीन वर्षांत माझ्या लांब नानसाठी शिर्डीच्या गाड्या थांबू लागल्या आणि काकासाहेब गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागले.

एका सकाळी ते म्हणाले, "ताई, सात-बारा माजा, लायसन माज्या नावावर, मीटर बी माज्याच नावावर. तुमचं काय हाय हितं?"

"तंदूर," जसबीर म्हणाली.

"मग न्या की डोक्यावर उचलून." आणि हसले. ते हसणं मी विसरलो नाही.

दोघं रस्त्यापलीकडे राहीबाईच्या चहाच्या टपरीवर कामाला लागली. इकडे नवा आचारी आला. आठवड्यात खंडेनवमी आली. ट्रॅक्टर, कोयते, मिक्सर धुऊन झाले आणि काकासाहेब झेंडूची माळ घेऊन माझ्याकडे वळले. मी चांगलाच तापलो होतो. जसबीर रस्ता ओलांडून धावत आली.

"दादा, पानी नको. गरम आहे तो."

"सनाच्या दिवशी भट्टी पारोशी ठेवू व्हय?" म्हणत त्यांनी पाण्याची नळी माझ्या तोंडात सोडली.

मी गळ्यापासून बुडापर्यंत तडकलो. भेग मातीने लिंपली गेली. मी थोडं सांभाळून घेतलं असतं तर वर्षभर चाललो असतो. नाही घेतलं. आचाऱ्याने लावलेला एकेक नान मी निखाऱ्यात सोडला. शिर्डीच्या भाविकांची अख्खी बस जेवायला उतरली, तेव्हा तर मन लावून पाडले. गाड्या थांबेनाशा झाल्या. दिवाळीनंतर काकासाहेबांनी पहार घालून मला फोडलं आणि उकिरड्यावर टाकलं. दुखलं खूप. तरी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या दुपारी जसबीर आली. माझ्या खापऱ्या तिने ओढणीत बांधल्या, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि काकासाहेबांच्या खुर्चीसमोरून रस्ता ओलांडला. टपरीमागे राहीबाईने जागा झाडून ठेवली होती.

"जागा माजी, पर तंदूर अन् भांडी तुजी," राहीबाई म्हणाली. "तसं सही करून लिवून देते. उद्या मी बी फिरले तर कागद दाखव."

आता मी तिथे आहे, नव्या अंगाचा, जुन्या रागाचा. काकासाहेब, गाड्या तुमच्या दारापुढे लागतात आणि माणसं जेवायला इकडे येतात. तुमच्या खुर्चीतून सगळं नीट दिसतं. माफी मागू नका, फक्त रोज बसून बघा. अगदीच भूक लागली तर या. जसबीर तुम्हाला नाही म्हणणार नाही, ती तसलीच आहे. ती तुमचा नान लावील.

मी तो निखाऱ्यात पाडीन.