कुसुमवहिनींच्या नावानं

बेगम बाजारात मिरचीच्या गोदामात एकदा हत्ती शिरला. तो असा शिंकला की गोदामाचं छप्पर उडून मुसी नदीच्या पलीकडे जाऊन बसलं, आणि कुणीतरी त्याखाली लगेच पानाचं दुकान थाटलं. सुलतान बाजारातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत ही गोष्ट मी वीस वर्षं सांगतोय. साफ खोटी आहे, पण तिच्यापायी कुणाचं छप्पर गेलेलं नाही. आता सांगतोय ती खरी आहे. मंडळात कधी सांगितली नाही.

चौऱ्याण्णव सालची. सचिवालयातून रिटायर होऊन मला दोन वर्षं झाली होती, टेलिफोनचा अर्ज टाकून सात. त्या गणपतीत हत्ती शिंकून झाल्यावर एक टायवाला गृहस्थ जवळ आला. श्रीकांत नाव, मूळचा पुण्याचा, कारखानदारांच्या कुठल्याशा संघटनेचा सल्लागार.

"उमाजीकाका, काय सांगता हो! हत्ती अगदी समोर उभा राहिला."

"छप्परही राहिलं असतं, पण उडालं."

तो हसला आणि मुद्द्यावर आला. तळ्यांच्या काठाला बांधकाम करायला बंदी होती. ती उठवण्याचं विधेयक विधानसभेत आलं होतं, तिथून समितीकडे गेलं होतं. समितीनं जनतेची मतं मागवली होती, पेपरात, वधूवरांच्या जाहिरातींखाली, मुंगीएवढ्या अक्षरात.

"मसुदा आमच्याच ऑफिसात झालाय," श्रीकांत सहज म्हणाला. "सरकारनं वरचं पान तेवढं बदललं. आता फक्त जनता कमी पडतेय."

"किती?"

"पन्नासेक. आणि काका, तुमच्या टेलिफोनचं मी बघतो."

मी जनता तयार केली. तेलुगूत, उर्दूत, इंग्रजीत. उजव्या हातानं, डाव्या हातानं. एक लंगडा हवालदार केला, त्याला कारखाना घराजवळ हवा होता, फार लंगडायला नको म्हणून. एक न्हावी केला, त्याला कामगारांच्या दाढ्या दिसत होत्या. आयुष्यात कुणी मला लिहायला सांगितलं नव्हतं, रिटायर होईपर्यंत मी नुसत्या नकला उतरवल्या. फार मजा आली.

"छान आहेत," श्रीकांत म्हणाला, "पण सगळे लांबचे वाटतात. एक तरी प्रत्यक्ष तळ्याकाठचा द्या. सर्व्हे नंबरासकट."

तळ्याकाठचं मला एकच घर माहीत होतं. हिम्मतराव माझा शाळेपासूनचा दोस्त. तो गेल्यावर कुकटपल्लीच्या बाजूचा त्याचा मोगऱ्याचा मळा कुसुमवहिनी एकट्या बघत होत्या. मळ्याची विहीर तळ्याच्या पाझरावर भरायची. तळं बुजलं की विहीर आटणार, विहीर आटली की मोगरा जळणार.

मला हे कळत नव्हतं असं नाही. पण सचिवालयात तीस वर्षं काढली होती आणि जनमताचा गठ्ठा कुणी सोडलेला पाहिला नव्हता. आमच्या सेक्शनमधल्या टेबलाचा आखूड पाय असल्याच एका गठ्ठ्यावर टेकवलेला होता. कोण वाचतंय?

पत्राला जिवंतपणा यावा म्हणून त्यात एक खरी गोष्ट घातली. हिम्मतराव दिवसभर तळ्यावर असायचा, म्हणून वहिनी एकदा रुसल्या होत्या. तेव्हापासून तो तळ्याला 'तुझी सवत' म्हणायचा. हे त्या दोघांना ठाऊक, आणि चहा पीत बसलेल्या मला. मी तेलुगूत लिहिलं, 'माझे यजमान या तळ्याला माझी सवत म्हणत. सवत गेली तर कोणत्या बाईला वाईट वाटेल?' स्वतःवरच खूश झालो आणि खाली वहिनींच्या नावानं झोकदार सही ठोकली.

पुढच्या आठवड्यात टेलिफोन आला. हिरवा.

त्यानंतर पंधरा दिवसांनी वहिनी आल्या. "भावजी, तळ्याचा काही कायदा येतोय म्हणे. समितीपुढं बोलायला मी नाव दिलंय. तुम्हाला तिथली माहिती, सोबत चला."

"कैकू वहिनी? मोठी माणसं ती. ऐकणार थोडीच."

"न ऐकू देत. वर गेल्यावर हे विचारतील, तू गप्प का बसलीस. तेव्हा काय सांगू?"

गेलो. वहिनींनी ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या कळ्या आणल्या होत्या. त्या समितीच्या टेबलावर उलगडून ठेवल्या आणि तेलुगूत बोलायला लागल्या. विहिरीचं बोलल्या, पाझराचं बोलल्या. अध्यक्ष ऐकत होते, खरंच ऐकत होते. तेवढ्यात त्यांच्या सचिवानं एक कागद पुढं सरकवला.

"अम्मा, तुमचं पत्र तर आधीच आलंय. त्यात सगळं उलटं आहे." त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. सवतीपाशी सगळी समिती हसली.

वहिनींनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं.

"तुमचंच ना हे?" अध्यक्षांनी त्यांना विचारलं. "नसेल तर सांगा. खोटी सही करणाऱ्याला आत टाकू."

बोला वहिनी, असं मनात म्हणालो. खरं तर बोलायचं मी होतं. माझं तोंड उघडलंही. गणपतीत दोन-दोन तास न थांबणारं तोंड, त्यातून आवाज निघाला नाही.

"माझंच आहे," वहिनी म्हणाल्या. "विसरले होते. वय झालं आता."

त्यांनी कळ्यांचं फडकं पुन्हा बांधलं. परतताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून एवढंच बोलल्या, "सवतीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, भावजी."

विधेयक एका दुपारी गोंधळात मंजूर झालं. मला टेलिफोनवरच कळलं. "अभिनंदन काका," श्रीकांत म्हणाला.

तळं दोन उन्हाळ्यांत बुजलं. वहिनी तोवर माझ्याकडे आल्या नाहीत. मग एका सकाळी कोरा कागद घेऊन दारात उभ्या.

"पाण्याच्या टँकरसाठी अर्ज करायचाय. माझ्या तोंडचं तुम्ही चांगलं लिहिता."

त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पेन उघडलं. "काय लिहू?"

"आहे तेवढंच लिहा."

मी लिहिलं, विहिरीला पाणी नाही. पुढं काही सुचेना. वहिनींनी अक्षरांवर बोट ठेवत वाचलं, मान हलवली, आणि सही करायला वाकल्या. त्यांची सही मी तोवर पाहिलीच नव्हती. सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत त्यांनी आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग हिम्मतरावचं.

माझ्या सहीत हिम्मतराव नव्हताच.