सारखी रडते

नर्सने तापलेला डावा कान चोळला, फोन उजव्या कानाला लावला आणि पुढचा नंबर जोडला. सकाळपासून बोलून बोलून घसा बसला होता. बाळंत होऊन घरी गेलेल्या बायकांची फोनवर विचारपूस करायची आणि कुणाचं बिनसलं असेल तर ते वेळेत ओळखायचं, हे तिचं काम. वॉर्डातल्या मैत्रिणी त्याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणत. मागे एका बाळंतिणीने ‘सगळं ठीक’ म्हणून फोन ठेवला होता, आणि नंतर तिला बेशुद्ध अवस्थेत आणावं लागलं होतं. तेव्हापासून ‘ठीक’ ऐकलं की नर्सला धास्तीच वाटे.

फोन बाळंतिणीच्या नवऱ्याने उचलला. घरात फोन एकच, आणि तो त्याच्या खिशात. मागे यंत्रांची घरघर चालली होती.

“मायलेकी कशा आहेत?”

“बऱ्या आहेत तशा.” तो जरा घुटमळला. “पण रडते हो. सारखी रडते.”

नर्सला हायसं वाटलं. तक्रार करणारा माणूस तरी भेटला, आणि या तक्रारीचं उत्तर तिला झोपेतही देता आलं असतं.

“पोटात गॅस धरत असेल. खांद्यावर घ्या, पाठ थोपटा.”

“खांद्यावर?”

“हो. वडिलांनी घेतलं तर काही बिघडत नाही.”

“थोपटलं की मी काल. हात झटकते.”

“भूक असेल मग.”

“कसली भूक! मी स्वतः घास भरवला, तर तोंड फिरवलं.”

नर्सचा पारा चढला. “अहो, काय म्हणावं तुम्हाला? एवढ्याशा जिवाला घास भरवता?”

“बाळाला नाही हो,” तो गडबडून म्हणाला. “बाळ शहाणं आहे. मी हिच्याबद्दल सांगतोय.”

नर्स खुर्चीत ताठ बसली.

“आणखी काही बोलली?”

“काल म्हणाली, मुलीला तुमच्या आईकडे देऊन टाका, माझं आता इथे काही काम नाही. मला वाटलं, दमलीय, बोलायचं म्हणून बोलली.”

“आत्ता घरी कोण आहे?”

“त्या दोघीच.”

“निघा. असाल तसे निघा. फोन बंद करू नका.”

यंत्रांचा आवाज मागे पडला. मग धापा, एक शिवी, जिन्यावरची पावलं. त्याने दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. नर्सने टेबलाची कड घट्ट धरली होती. शेवटी कडी निघाल्याचा आवाज आला.

“तिला द्या फोन. तुम्ही बाळाला घ्या.”

“बाळ छान आहे,” बाईचा आवाज पाठ केलेला धडा म्हणावा तसा आला. “दूध पिते. वजन वाढलंय.”

“बाळाचं राहू दे. तुमचं सांगा.”

नर्स उत्तराची वाट पाहत राहिली. समोरच्या मैत्रिणीने घड्याळाकडे बोट दाखवलं, तेव्हा तिने मैत्रिणीकडे पाठ केली.

“मला तिची माया येत नाही हो,” बाई अगदी हळू म्हणाली. “जवळ घ्यावंसंच वाटत नाही. मी कसली आई? हे कुणाला सांगू?”

“मला सांगितलंत ना आत्ता.” नर्स म्हणाली. “आता तिघं मिळून इकडे या. डॉक्टरांना मी सांगते.”

“सगळे ओरडतील मला.”

“दारात मी उभी असेन. आधी माझ्याशी बोला, मग बाकीच्यांशी.”

“तुम्हाला ओळखू कशी?”

“हाक मारा. आवाज ओळखेन मी,” नर्स म्हणाली आणि फोन कानाला तसाच धरून जिना उतरू लागली.